चक्रपाणी

आळंद तालुक्यात ऋतू तीन असतात असे शाळेच्या पुस्तकात छापलेले असले, तरी महसूल खात्यात हयात घालवून शिरस्तेदार म्हणून निवृत्त झालेल्या माझ्यासारख्या इसमाचा अनुभव असा आहे की, येथे उन्हाळा तेवढा कायम हुद्द्यावर असून, पावसाळा आणि हिवाळा हे त्याच्या रजेच्या मुदतीत काम पाहणारे हंगामी उमेदवार होत. आणि कायमचा माणूस केव्हा परत रुजू होईल या धाकाने त्या बिचाऱ्यांच्या हातून कामही धड होत नाही. अशा या गावात, एका चैत्रात, सकाळी नऊलाच ओट्यावरची शहाबादी फरशी पायास चटके देऊ लागली असता, शेजारच्या अडत्यांचे चिरंजीव माझ्यासमोर येऊन बसले आणि वारसाहक्काचा दावा सांगावा तशा गंभीर मुद्रेने म्हणाले, "काका, गाडीला उन्हाळी टायर घालायचं ठरवलंय." माझ्या मनात प्रथम उन्हाळी भुईमूग आला. नंतर वाटले, हे टायर बहुधा मृगाच्या आधी काढून माळ्यावर ठेवावयाचे असतील, आणि मी तसे विचारलेही. त्यावर त्याने माझ्याकडे अशा नजरेने पाहिले की, बिनस्टांपाचा अर्ज घेऊन येणाऱ्याकडे मी स्वतः तीस वर्षे कोणत्या नजरेने पाहत आलो होतो, याचा मला त्या क्षणी साक्षात्कार झाला.

"नुसते उन्हाळी नाहीत काका. उन्हाळी परफॉर्मन्स टायर."

आता परफॉर्मन्स या शब्दाचा अर्थ माझ्या पिढीस खेळ असाच ठाऊक. आणि उन्हाळ्यातला परफॉर्मन्स म्हटल्यावर आमच्या बाजूच्या माणसास जत्रेत तंबू ठोकून महिनाभर मुक्काम करणारे कंपनी नाटक आठवते, ज्यातील राजाला घामाने मिशी उतरल्यामुळे दुसऱ्या अंकापासून बिनमिशीचे राज्य करावे लागते. परंतु तेही नव्हे. त्याने मला समजावून सांगितले ते असे की, युरोपातील थंड मुलखात मोटारीला हिवाळ्याचे आणि उन्हाळ्याचे असे दोन स्वतंत्र जोड बाळगण्याची वहिवाट आहे. पारा सात अंशांच्या खाली गेला म्हणजे उन्हाळी टायरचे रबर ताठर होऊन रस्त्यास धरत नाही, आणि हिवाळी टायरचे मऊ रबर उन्हात झिजून जाते. आपल्याकडील दुकानांत जे विकले जातात ते जवळपास सारे उन्हाळीच, मात्र त्यांतही जे वळणावर, ब्रेकवर आणि तापलेल्या डांबरावर जमिनीला घट्ट चिकटून राहण्यासाठी घडवलेले असतात, ते खास खेळाडू गाड्यांचे. मी विचारले, "आपल्याकडे पारा सातवर केव्हा उतरतो?" तो म्हणाला, "उतरत नाही." "मग?" "मग काय काका, म्हणूनच तर उन्हाळी घ्यायचे." या युक्तिवादात खोट काढणे मला त्या वेळी जमले नाही आणि अद्यापही जमलेले नाही.

त्या दिवसापासून मी त्यास मनातल्या मनात चक्रपाणी म्हणू लागलो, आणि पुढे ते नाव ओट्यावरून बाजारात व बाजारातून अडतीत गेले. खरे नाव सांगण्याचे प्रयोजन नाही, कारण तो एक इसम नसून एक जात आहे; आणि वाचकाच्या गावात ती मोटारीच्या चाकांऐवजी विहिरीचे पंप, कापसाचे वाण, नाही तर डोळ्यांचे चष्मे यांच्याभोवती घोटाळत असेल, एवढाच फरक. या जातीच्या माणसाचे लक्षण असे की, वस्तू घेण्याचा विचार त्याच्या मनात आला की तो त्या वस्तूचा मालक होण्याऐवजी प्रथम तिचा मुन्सफ होतो. उभय पक्षांच्या कैफियती घेतो, साक्षी तपासतो, तारखांवर तारखा देतो, आणि निकाल लिहिण्याची वेळ आली म्हणजे नवा पुरावा दाखल झाल्याचे सांगून प्रकरण पुन्हा सुनावणीस ठेवतो. कंजूषपणाचा आरोप त्याच्यावर कोणी करू नये. पैसे मोजण्यास तो केव्हाही सिद्ध असतो. त्याला जड जाते ते उरलेल्या सगळ्यांना नाही म्हणणे.

हे त्याच्या तीर्थरूपांना कळत नसे. अप्पांची सारी हयात आळंदच्या बाजार समितीत तुरीच्या राशीपुढे गेली. शेतकऱ्याने पोते सोडले की अप्पा मुठीत चार दाणे घेत, त्यांतला एक दाढेखाली धरत, कट् असा आवाज ऐकत आणि दाणा थुंकण्यापूर्वी भाव सांगून मोकळे होत. ओल किती, खडा किती, माल डाळ करण्याजोगा की बियाण्याजोगा, या सर्व प्रश्नांचा फैसला त्या एका दाढेत होत असे. कलबुर्गीच्या तुरीला २०१९ साली सरकारने भौगोलिक मानांकन दिले, तेव्हा त्या कागदाकडे पाहून ते एवढेच म्हणाले होते की, दाढेला हे आधीच माहीत होते. अशा माणसाच्या पोटी चक्रपाणी जन्मास यावा, यात नियतीचा काही हेतू असावा. "शिरस्तेदार," ते एकदा मला हताशपणे म्हणाले, "चाक गोल आहे, काळं आहे, हवा धरतंय. आणखी काय बघायचं राहिलं?"

परंतु आळंदच्या मातीत वाहनाच्या पायांची काळजी वाहण्याची परंपरा जुनी आहे, हे अप्पा विसरत होते. निजामाच्या राज्यात हा तालुका पायगा जहागिरीतला. पायगा म्हणजे सरकारच्या दिमतीस घोडेस्वार ठेवण्याकरिता लावून दिलेली जहागीर, हे वेगळे सांगावयास नको. त्यामुळे घोड्याची चाल कशाने बिघडते, नाल कोणत्या खुराला किती जड बसवावा, हुलग्याचा खुराक कोणत्या वेळी किती द्यावा, यावर येथे एके काळी जी चर्चा झाली असेल तिचे दफ्तर आज उपलब्ध नसले, तरी तिचा अंश रक्तातून उतरला असणे असंभवनीय नाही. १९४९ साली जहागिरीचे दिवस सरले, १९५६ च्या १ नोव्हेंबरला तालुका म्हैसूर राज्यात दाखल झाला. माझे आजोबा उर्दूत दफ्तर लिहीत व घरचा हिशेब मोडीत मांडीत, मी नोकरी कन्नडात केली आणि निवृत्त होऊन मराठीत लिहीत बसलो आहे. इतके बदल झाले, पण चालीची हौस गेली नाही. फक्त घोडे गेले.

ते घोडे चक्रपाणीने एकदम एकशेपाच आणले. चाकणच्या कारखान्यात पोलो जीटी नावाची मोटार तयार होत असे, जिच्या सव्वा लिटरहूनही लहान इंजिनात तेवढी अश्वशक्ती कोंडलेली असते, आणि २०२२ साली कंपनीने भारतात पोलोचे उत्पादनच थांबवल्यावर त्याच्या जिवाची तगमग होऊ लागली. आणि जे बंद झाले ते अमोल, या मनुष्यस्वभावाच्या नियमानुसार, त्याने पुण्याच्या एका गृहस्थाकडून तसली वापरलेली लाल गाडी मिळवली. सीमाभागातील गावे महाराष्ट्रात जावीत म्हणून किती तरी वर्षे ठराव, निवेदने आणि २००४ पासून सर्वोच्च न्यायालयात दावा चालू असताना, ही एक मोटार मात्र महाराष्ट्रातून निघून, ना-हरकत दाखला घेऊन, कर भरून, एमएच १२ चे केए ३२ होऊन राजीखुशीने कर्नाटकात दाखल झाली. तिचे मूळचे टायर झिजत आले होते. खाचांच्या तळाशी असलेल्या लहान उंचवट्यांपर्यंत, म्हणजे एक पूर्णांक सहा दशांश मिलिमीटरपर्यंत, रबर उतरले की कायद्याने टायरचे आयुष्य संपते, ही गोष्ट मला त्याच्याकडूनच कळली. तोवर टायर फुटेपर्यंत जिवंत असतो असा माझा समज होता.

मग ती फाईल जन्मास आली. दोन बोटे जाडीची, हिरव्या पुठ्ठ्याची, लाल नाडीची. मी निवृत्तीच्या वेळी घरी आणलेल्या रिकाम्या पुठ्ठ्यांपैकी एक त्याने मागून नेला, तेव्हाच मी सावध व्हावयास हवे होते.

तिच्या पहिल्या पानावर १९५/५५ आर १६ ८७ व्ही असा मंत्र लिहिलेला होता. त्याने बोट ठेवून मला त्याचा पदच्छेद करून दाखवला. टायरची रुंदी १९५ मिलिमीटर. त्या रुंदीच्या शेकडा ५५ एवढी बाजूच्या भिंतीची उंची. आर म्हणजे रेडियल. १६ इंचांची रिम. ८७ या अंकाचा अर्थ एका टायरने ५४५ किलो भार सोसावा. आणि व्ही म्हणजे ताशी २४० किलोमीटर वेग. "२४०?" मी विचारले. केंद्र सरकारच्या २०१८ च्या अधिसूचनेप्रमाणे आमच्या दुभाजक नसलेल्या रस्त्यावर मोटारीची कमाल मर्यादा ७० ची आहे, आणि आमच्या बाजारपेठेत, आठवड्याच्या बाजाराच्या दिवशी, म्हशीची मर्यादा हीच सर्वांची मर्यादा असते. "वेग गाठायचा नसतो काका," तो शांतपणे म्हणाला, "हातचा राखायचा असतो." असे वाक्य मी पूर्वी फक्त पेन्शनीच्या संदर्भात ऐकले होते.

खरा दावा दुसऱ्या पानापासून सुरू होई. १९५ ऐवजी २०५ रुंदीचा टायर घालावा की न घालावा? रुंदी वाढली की जमिनीशी चिकटणारा पट्टा वाढतो, आणि मोटार जमिनीशी नाते ठेवते ते प्रत्येक चाकाखालच्या तळहाताएवढ्या जागेवर, म्हणजे त्या तळहातात बोटभर भर पडली तरी ती लाखमोलाची. पण २०५/५५ घेतल्यास भिंतीची उंचीही वाढते, कारण ५५ टक्के आता २०५ चे. चाकाचा व्यास ६२१ मिलिमीटरवरून ६३२ वर जातो. गाडी जमिनीपासून साडेपाच मिलिमीटर वर उचलली जाते, हे गतिरोधकांच्या दृष्टीने इष्ट. परंतु चाक मोठे झाल्याने वेगाचा काटा पावणेदोन टक्के कमी दाखवू लागतो, हे सत्याच्या दृष्टीने अनिष्ट. बरे, २०५/५० घेतला तर काटा उलट बाजूस खोटे बोलतो आणि गाडी पावणेपाच मिलिमीटर खाली बसते. रिम बदलून २१५/४५ आर १७ घेतला तर व्यास जवळपास जुळतो, वळणावर गाडी सुतासारखी सरळ येते. मात्र भिंत उरते दहा सेंटीमीटरहूनही कमी, आणि तेवढ्या भिंतीचा टायर आमच्या खड्ड्यात आदळला की त्याच्या गालावर दाढदुखीसारखा फुगा येतो. या तीन पक्षकारांच्या भांडणात चैत्र गेला, वैशाख गेला, आणि ज्येष्ठात त्याने आईच्या शिलाईच्या पेटीतली कापडी फीत घेऊन आमच्या गल्लीतल्या गतिरोधकांची मोजणी केली. इंडियन रोड्स काँग्रेसच्या संकेताप्रमाणे गतिरोधक पावणेचार मीटरपर्यंत पसरट आणि मध्यावर दहा सेंटीमीटर उंच असावा. आमच्याकडचे गतिरोधक मात्र कंत्राटदाराने उरलेले डांबर जेथे ओतले तेथे तयार झालेले असल्यामुळे, त्यांस कोणताही संकेत लागू करणे म्हणजे वारुळास घरकुल योजनेत बसवण्यासारखे होते. त्याने मोजणीचा तक्ता केला. त्यावर माझी साक्षीदार म्हणून सही आहे.

अधूनमधून तो इतिहासातही शिरे, आणि मला ते आवडे. रबर थंडीत काचेसारखे आणि उन्हात गुळासारखे होई, ते गंधकाबरोबर तापवून टिकाऊ करण्याची युक्ती अमेरिकेत गुडइयरला १८३९ साली सापडली; आणि हवा भरलेल्या टायरचे पेटंट १८८८ साली ज्याने घेतले तो डनलॉप बेलफास्टचा पशुवैद्य होता. "म्हणजे घोड्यांचाच डॉक्टर," मी समाधानाने म्हणालो. पुढे असे निघाले की थॉमसन नावाच्या दुसऱ्या गृहस्थाने तेच पेटंट १८४५ मध्ये घेऊन ठेवले होते, त्यामुळे पूर्वीची वहिवाट शाबीत होऊन डनलॉपचे पेटंट रद्द झाले. नाव मात्र त्याचेच राहिले. कब्जा एकाचा आणि सातबारा दुसऱ्याचा, हा प्रकार आमच्या तालुक्याबाहेरही चालतो हे ऐकून मला फार बरे वाटले.

आषाढात तो दुकाने पाहावयास निघाला. कलबुर्गी पाहिले, सोलापूर पाहिले, एकदा हैदराबादलाही जाऊन आला. त्याच्या मनात भरलेला फ्रेंच टायर परदेशातून येणारा. आणि २०२० च्या जूनमध्ये सरकारने टायरांची आयात मुक्त यादीतून काढून परवान्याखाली आणल्यापासून, हवे ते माप हव्या त्या दिवशी मिळेल याची शाश्वती उरली नव्हती. परवाना हा शब्द ऐकताच मी आपली सेवा देऊ केली, पण तो दिल्लीचा परवाना होता. एका दुकानात माप मिळाले तर नक्षी पसंत पडेना. दुसऱ्यात नक्षी मिळाली तर टायरच्या कुशीवरचे चार आकडे आडवे आले. या चार आकड्यांत टायरचा जन्म लिहिलेला असतो: पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. पत्रिका जुळवताना आमचे भटजी ज्या बारकाईने नक्षत्राचे चरण पाहतात, त्या बारकाईने चक्रपाणी दिव्याच्या उजेडात ते आकडे वाची, आणि चारही टायर एकाच आठवड्याचे असावेत असा आग्रह धरी. दुकानदार म्हणाला, चौथा दोन आठवड्यांनी धाकटा आहे. चक्रपाणी परत आला. "चौघांत एक वेगळा नको," त्याने मला सांगितले. ज्याला सख्खे तीन भाऊ आहेत आणि जो त्यांच्यापेक्षा वेगळा आहे, त्याने हे बोलावे याचे मला नवल वाटले.

आळंदच्या वेशीवर, दर्ग्याच्या वाटेला, पंक्चर काढणारे एक चाचा बसतात. एका जुन्या ट्रकच्या टायरवर बसून, पुढ्यात पाण्याची घमेली ठेवून, ते गेली अनेक वर्षे ट्यूब बुडवून बुडबुडे शोधत आहेत. चक्रपाणीने त्यांचेही मत घेतले. दक्खनी बोलीत त्यांनी जे सांगितले ते फाईलीत नोंदले गेले नाही, म्हणून येथे देतो: "गर्मी का टायर? यां तो बारा महिने गर्मीच है, साब. और काँटा कंपनी का नाम नै पूछता."

असे असूनही या माणसाच्या ज्ञानाचा गावास उपयोग नव्हता असे म्हटल्यास तो अन्याय होईल. टायरगाडीला कोणता टायर घालावा, असे विचारण्यास एखादा शेतकरी आला तर चक्रपाणी गाडीचे जू पाहून, बैलांकडे पाहून, एका मिनिटात उत्तर देई आणि ते बिनचूक ठरे. गाणगापूरला पौर्णिमेची माणसे भरून निघालेल्या एका जीपच्या चाकात त्याने एकदा रुपयाचे नाणे खुपसून पाहिले, ते मुळीच रुतेना. तेव्हा जीपच्या पुढे आडवा उभा राहून, चालकाच्या शिव्या खाऊन, त्याने सर्वांना उतरवले आणि टायर बदलल्याशिवाय रस्ता दिला नाही. त्या दिवशी त्याच्या बोलण्यात पण, परंतु, मात्र यांपैकी एकही अव्यय आले नाही. दुसऱ्याच्या दाव्यात तो अप्पांचा मुलगा होता. स्वतःच्या दाव्यात तेवढा तो कोर्ट होई.

तपशील लांबवत नाही. श्रावण ते कार्तिक या काळात फाईलीस दुसरा भाग जोडावा लागला. त्यात आवाजाचे एक प्रकरण होते, कारण काही टायर सुंदर चिकटतात पण घोंगावतात. झिजेचे एक होते, कारण जे अधिक चिकटते ते लवकर संपते, आणि हा नियम रबरापुरता मर्यादित नाही असे मी समासात लिहिले होते, ते त्याने खोडले. आणि पावसाचे एक होते, ज्यात खाचांतून पाणी बाहेर फेकले गेले नाही तर चाक पाण्यावर कसे तरंगते याची आकृती होती. त्या वर्षी पाऊस बेताचाच झाला. अप्पांनी हिशेब केला की एका टायरच्या किमतीत एक गाभण शेळी येते, म्हणजे आपला पोरगा चार शेळ्यांवर बसून कलबुर्गीला जाणार.

अखेर मार्गशीर्षात, २०५/५५ च्या बाजूने, पावणेदोन टक्के असत्य पदरात घेऊन, निकाल लागला. चारही टायर एकाच आठवड्याचे मिळाले. ते बसवून, चाकांचा तोल साधून, रोख सरळ करून गाडी दारात उभी राहिली तेव्हा गल्लीतल्या बायकांनी हळदकुंकू वाहिले आणि प्रत्येक चाकाखाली एकेक लिंबू ठेवले. चक्रपाणी गाडीत बसला, लिंबे चिरडली आणि लगेच खाली उतरून त्यांचा रस पुसू लागला. आम्लाने रबराचे काय होते, हे फाईलीत नव्हते.

आणि येथे ते सात अंश पुन्हा उपस्थित झाले. उन्हाळी टायर पौषाच्या तोंडावर बसले होते! आमच्याकडे पौषात पहाटे पारा बारा-तेरापर्यंत उतरतो, क्वचित आणखी थोडा. सातपर्यंत जाणे कठीण, पण बारापासून सातपर्यंतचे अंतर त्याला आपल्या अंथरुणात झोप लागू देण्याइतके मोठे वाटेना. त्याने भिंतीवर तापमापक टांगला. एका पहाटे शेकोटीसाठी काटक्या वेचावयास मी अंगणात आलो, तो धुक्यात ती लाल गाडी चार पायांना चार काळी घोंगडी गुंडाळून उभी. शेजारी अप्पा, स्वतःचे घोंगडे कुठे गेले याचा शोध करीत.

नव्या टायरास पहिली काही शे किलोमीटर जपून चालवावे लागते, कारण साच्यातून काढताना लागलेला गुळगुळीत थर निघून गेल्याशिवाय रबर रस्ता धरत नाही. चक्रपाणीने हा नियम पाचशे किलोमीटरांपर्यंत पाळला, आणि तोवर त्याला त्याची गोडी लागली. ज्या गाडीने पूर्वी तो कडगंचीच्या केंद्रीय विद्यापीठापर्यंत वाऱ्यासारखा जाऊन येई, तीच गाडी आता टायर झिजतील म्हणून खुद्द टायरगाड्यांच्या मागून, आदबीने, त्यांना हॉर्न न वाजवता जाऊ लागली. वेग हातचा राखला गेला, तो असा.

पौषाच्या मध्यावर एका रविवारी त्याने मला आणि अप्पांना उमरग्याला नेण्याचे ठरवले. हेतू शास्त्रीय होता. उमरगा सोलापूर-हैदराबाद हमरस्त्यावर आहे. तेथे रुंद रस्ता, दुभाजक, आणि कायद्यानेच १०० ची मुभा. तेथे ब्रेक, वळण आणि आवाज या तिन्ही प्रकरणांची स्थळपाहणी होणार होती. अप्पा पुढे बसले, मी फाईल मांडीवर घेऊन मागे. खजुरीच्या अलीकडे गाडी ४० च्या वेगात असता, तो खाली माझ्या पायांकडे मान वळवून म्हणाला, "काका, ऐका. काही ऐकू येतं?" मी कान दिले. मला अप्पांचे घोरणे ऐकू आले. "बघा, टायरचा आवाजच नाही." खजुरीचा नाका ओलांडताना मात्र, राज्य बदलते त्या रेषेवर, चाकांखालचा सूर पालटला, आणि तो चमकून म्हणाला की, जो सीमाप्रश्न कोर्टात निकालात निघत नाही तो टायरला एका क्षणात कळतो. हे वाक्य त्याचे स्वतःचे होते. मी ते फाईलीत टिपून घेतले.

पुढे दोनेक कोसांवर रस्त्याने वळण घेतले आणि त्या वळणावर रस्ताच नव्हता. कोणी हुलगे काढून, वाळलेले वेल डांबरावर या काठापासून त्या काठापर्यंत पसरले होते, आणि दोन्ही टोकांना दगड ठेवून मधून वाहने जातील अशी तजवीज केली होती, कारण आमच्याकडे खळ्यावर बैलांची पात धरण्याचे दिवस गेले असून मळणीचे काम महामंडळाच्या बसगाड्या आणि ट्रक बिनमजुरीने करून देतात. चक्रपाणीने ब्रेक दाबला. नऊ महिन्यांच्या अभ्यासाचे चीज त्या एका क्षणात झाले, असे मी प्रामाणिकपणे नमूद करतो. गाडी जागच्या जागी, एक वीतभरही न सरकता, पाटावर बसवलेल्या गणपतीसारखी स्थिर झाली. अप्पा जागे झाले.

"नेऊ नको," मी म्हणालो. पण मागे ट्रक होता, पुढे बस होती, आणि बाजूस बांध. तो निरुपायाने, पाच-सात किलोमीटरच्या वेगाने, त्या वेलांवर शिरला. खालून असा आवाज आला की जणू अप्पांच्या हजार दाढा एकदम कामास लागल्या. ज्या चार तळहातांवर त्याने नऊ महिने विचार केला होता, ते चारही तळहात शेंगा दाबत, फोडत, दाणे वेगळे करत, एकाही वेलावरून न घसरता, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत गेले. काठावर काठी घेऊन बसलेली एक म्हातारी उठली, खाली वाकली, डोळ्यांवर हात धरून चाकांचा माग पाहू लागली. आम्ही समजलो, आता दाणे चिरडले म्हणून ओरडणार.

"ए बापू," ती म्हणाली, "लई रुंद चाक हाय की रं तुझं! बसनं निस्ता भुसा होतोय. आणीक चार खेपा मारून जा."

तो गाडीतून उतरला नाही. त्याने आरशात पाहिले, माझ्याकडे पाहिले, आणि मग, ज्याच्या फाईलीत या प्रसंगासंबंधी कोणताही संकेत नाही असा माणूस जसा निर्णय घेतो तसा, काहीही न बोलता गाडी मागे घेतली. चार खेपा झाल्या. पाचवी त्याने स्वतःहून मारली, जरा डावीकडून, कारण तिकडचे वेल अद्याप अखंड होते. एकशेपाच घोडे पायगेच्या मुलखात हुलग्यांवर चालत होते, आणि म्हातारी काठीने वेल उलटे करीत, "हां, आता हिकडनं," असे सांगत होती. उमरगा राहिले. तिने मजुरी म्हणून शेरभर हुलगे अप्पांच्या टोपीत ओतले, त्यामुळे अप्पांना बोडके घरी यावे लागले.

संध्याकाळी तो अंगणात खाली बसून, आईच्या केसांची पिन घेऊन, टायरच्या खाचांतून अडकलेले दाणे एकेक करून काढत होता. पहिल्या चाकातून तेवीस निघाले, दुसऱ्यातून एकोणीस. रुंदीच्या मानाने बाहेरच्या खाचेत अधिक का आले, याचा तो विचार करीत असावा, कारण मधूनच पिन थांबे. अप्पा ओसरीवरून बराच वेळ पाहत होते. शेवटी ते खाली आले, वाकले, त्या काळ्या, कधी न वाकून पाहिलेल्या रबरावरून त्यांनी एकदा हात फिरवला, पोराच्या तळहातावरचा एक दाणा उचलला आणि दाढेखाली धरला. कट् असा आवाज झाला नाही.

"ओल आहे," अप्पा म्हणाले. "तिनं आणखी दोन दिवस वाळू द्यायला पाहिजे होते."

चक्रपाणीने फाईल मागितली.